स्पीड नको, नेम बघा!

एअर रायफल घ्यायला दुकानात गेलं की पहिला प्रश्न हमखास निघतो, ‘हिचा स्पीड किती?’ आणि निवड बिघडते ती तिथेच. ऑलिम्पिकच्या 10 मीटर स्पर्धेतल्या रायफलीचा छर्रा सेकंदाला जेमतेम 175 मीटर जातो. खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेले 1200 फूट म्हणजे 365 मीटर, याच्या दुपटीहून जास्त. तरी पदकं मिळवते ती सावकाश रायफलच! आवाजाचा वेग सेकंदाला साधारण 340 मीटर. छर्रा त्याच्या आसपास पोचला की हवेत डगमगतो आणि नेमाचा बोजवारा उडतो. त्यात खोक्यावरचा आकडा बहुधा एकदम हलक्या मिश्रधातूच्या छर्ऱ्यावर काढलेला असतो. नेहमीचा शिशाचा छर्रा घाला, आकडा लगेच खाली येतो.

हा छर्रा हातात घेऊन नीट बघा. हुबेहूब डमरू! कंबर बारीक, पुढचं डोकं भरीव, मागचा भाग पोकळ. मागून हवेचा दाब आला की ती पातळ कड फुगते आणि नळीच्या आतल्या पिळदार खाचांत घट्ट बसते. म्हणून कड चेपलेला छर्रा सरळ टाकून द्यायचा. नेम सुधारण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.

अर्ध्या मिलिमीटरची दुनिया

10 मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका केवढा असतो? अर्धा मिलिमीटर! छर्रा मात्र 4.5 मिलिमीटरचा. त्यामुळे छर्ऱ्याचा मध्य अडीच मिलिमीटर हुकला तरी त्याची कड ठिपक्याला शिवते आणि दहा मिळतात. पूर्ण 10.9 हवे असतील, तर मात्र चूक पाव मिलिमीटरच्या आत हवी. 2008 साली बीजिंग ऑलिम्पिकला अभिनव बिंद्रानं अंतिम फेरीत शेवटचा छर्रा सोडला, त्याला 10.8 मिळाले. म्हणजे चूक अर्ध्या मिलिमीटरच्याही आत, आणि तीही देशाचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण पणाला लागलेलं असताना.

या खेळात महाराष्ट्रातली नावं थोडीथोडकी नाहीत. अंजली भागवत 2000 साली सिडनी ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत होत्या. सुमा शिरूर यांनी 2004 साली क्वालालंपूरला 400 पैकी 400 गुण मिळवून विश्वविक्रमाशी बरोबरी केली. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील 2022 साली कैरोत जगज्जेता झाला. ही तिन्ही यशं एअर रायफलची. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेचं पॅरिस ऑलिम्पिकचं कांस्य मात्र 50 मीटर रायफलचं. तिथे हवा नाही, दारू भरलेली काडतुसं चालतात. ही गल्लत करू नका.

मूठ सैल ठेवा

नवशिक्याच्या हाती बहुधा स्प्रिंगची, नळी मोडून भरायची रायफल येते. तिची गंमत बघण्यासारखी आहे. चाप ओढला की आतला दट्ट्या पुढे झेपावतो आणि बंदूक मागे ढकलली जाते. क्षणार्धात दट्ट्या टोकाला आदळतो, बंदूक पुढे हिसका खाते. या सगळ्या गडबडीत छर्रा अजून नळीतच असतो! म्हणून ही रायफल आवळून धरली की नेम चुकतो आणि तळहातावर नुसती टेकवली की लागतो. या उलटसुलट हिसक्यानं मोठ्या बंदुकीसाठी बनवलेली महागडी दुर्बीणही खिळखिळी होते. दुर्बीण लावायचीच असेल तर स्प्रिंग एअर रायफलीला चालेल अशीच मागा. छर्रा न भरता चाप ओढू नका, कारण मग दट्ट्याला हवेची उशी मिळत नाही आणि तो थेट आदळतो. नळी उघडी असताना तर चापाला बोटही लावायचं नाही. ती वर उसळते आणि बोटं सापडतात.

दुसरा प्रकार पीसीपी, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेचा. स्पर्धेच्या रायफलीच्या नळकांड्यात सुमारे 200 बार दाब असतो. मोटारीच्या टायरमध्ये असतो दोन-सव्वादोन बार. हिला धक्का जवळजवळ नाहीच, त्यामुळे नेम शिकायला ती उत्तम. पण हवा भरायची सोय आणि खिसा, दोन्ही भक्कम लागतात.

ही कल्पना नवी आहे असं समजू नका. ऑस्ट्रियाच्या सैन्याकडे अठराव्या शतकातच जिरार्दोनीची हवेवरची रायफल होती. एका भरणीत वीसेक गोळ्या, पण हवेची टाकी भरायला पंप सुमारे 1500 वेळा मारायचा! अमेरिका ओलांडणाऱ्या लुईस आणि क्लार्क यांनी 1804 ते 1806 च्या मोहिमेत हवेची बंदूक सोबत नेली होती. वाटेत भेटणाऱ्या मूळ रहिवाशांसमोर तिचं प्रात्यक्षिक करायचं, धाक बसवायचा, हे तिचं मुख्य काम. शेरलॉक होम्सच्या एका कथेतला कर्नल मोरानही हवेच्याच बंदुकीनं नेम धरतो.

मग उंदीर-घुशींचं काय?

इंग्लंडमध्ये एअर रायफल हे शेतकऱ्याचं नेहमीचं हत्यार आहे. तिथे 12 फूट-पौंड, म्हणजे 16 ज्यूलपर्यंतच्या रायफलीला परवाना लागत नाही. कोठारातले उंदीर आणि शेतातले ससे तिनंच मारले जातात. स्कॉटलंडनं मात्र 2016 च्या अखेरीपासून परवाना सक्तीचा केला. आपल्याकडे शस्त्र नियम 2016 नुसार 4.5 मिलिमीटर व्यास आणि 20 ज्यूल ऊर्जा ही विनापरवाना मर्यादा आहे. त्यापुढची, म्हणजे 5.5 मिलिमीटरचीसुद्धा, परवान्याशिवाय घेता येत नाही.

आपल्या शेतात या बंदुकीचा उपयोग नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. 20 ज्यूलनं रानडुक्कर मरत नाही. छर्रा कातड्याखाली रुततो, जखम चिघळते, जनावर दिवसेंदिवस हाल सोसतं. मोर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याच्यावर छर्रा झाडला तर थेट शिकारीचा गुन्हा. त्याच कायद्यातून 2022 च्या दुरुस्तीनं उपद्रवी प्राण्यांची जुनी अनुसूचीच काढून टाकली. गोदामात उंदरावर नेम धरावा, तर सिमेंटच्या फरशीवरून छर्रा उलटून कुणाच्याही डोळ्यात जाऊ शकतो. मुंबई महापालिकेचे मूषक संहारक रात्रभर गल्ल्या पालथ्या घालतात, एकेकाला रात्रीत 30 उंदरांचं लक्ष्य असतं आणि हातात असते काठी नि टॉर्च! पिंजरे लावा, धान्य झाकून ठेवा, गव्हाणी घुबडाला बसायला शेतात खांब रोवा. बंदुकीपेक्षा त्यानं उंदीर जास्त घटतात.

अरुणाचल प्रदेशात तर उलटी गंगा वाहिली. 2021 च्या मार्चमध्ये तिथे एअरगन परत करण्याची मोहीम सुरू झाली आणि गावोगावच्या लोकांनी हजाराहून अधिक एअरगन आपणहून सरकारजमा केल्या. रान पुन्हा पाखरांनी भरावं, एवढ्यासाठी.

पाखरांचा विषय निघालाच आहे, तर मुंबईची एक गोष्ट. एका शाळकरी मुलानं खेळण्यातल्या एअरगननं एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. हा पक्षी कोणता, याचं कुतूहल त्याला गप्प बसू देईना. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्डसाहेबांकडे पाठवलं. त्यांनी पक्षी ओळखला आणि भुसा भरलेल्या पक्ष्यांचा अख्खा खजिनाच त्याच्यापुढे उघडला. तो मुलगा म्हणजे सालिम अली! पुढे आयुष्यभर त्यांनी पाखरांचाच अभ्यास केला आणि 1985 साली आलेल्या आत्मचरित्राच्या नावातही ती चिमणी आली.

तेव्हा रायफल घ्यायचीच असेल तर कागदी लक्ष्यासाठी घ्या. 4.5 मिलिमीटरची, बेताच्या ताकदीची, तुमच्या खांद्याला आणि हाताच्या लांबीला बसणारी. स्पर्धेत कमाल साडेपाच किलोची चालते, पण शाळकरी मुलाला तेवढं वजन पेलवत नाही. आधी जवळच्या रेंजवर जाऊन क्लबच्या रायफलीनं महिनाभर सराव करा, प्रशिक्षकाला विचारा, मगच पैसे मोजा. दुकानात ओळखपत्र न्या, पावती जपून ठेवा. लक्ष्यामागे छर्रा अडवणारी पेटी हवीच, डोळ्यांवर चष्मा हवाच. आणि शिशाला हात लावल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय जेवायला बसू नका.