समांतर कार्यनिर्देशिका

आवृत्तिनियंत्रण प्रणालीतील एकाच भांडाराला जोडलेल्या व त्यातील निरनिराळ्या शाखांवर एकाच वेळी काम करू देणाऱ्या स्वतंत्र निर्देशिका. ‘गिट’ या प्रणालीत त्यांना ‘वर्कट्री’ अशी संज्ञा आहे. लिनस टोरव्हाल्ड्स यांनी लिनक्सच्या विकासासाठी २००५ मध्ये गिट तयार केली. वर्कट्रीची आज्ञा तिच्या २·५ या आवृत्तीत (२०१५) समाविष्ट झाली.

सामान्यतः भांडारास एकच कार्यनिर्देशिका असते. एका शाखेवरील काम अपुरे असताना दुसरीतील दोष तातडीने दुरुस्त करावयाचा झाल्यास अपुरे बदल ‘स्टॅश’ करून बाजूला ठेवावे लागतात किंवा भांडाराची दुसरी प्रत करावी लागते. पहिल्या रीतीत बाजूला ठेवलेले बदल विस्मरणात जाण्याचा संभव असतो. दुसरीत एका प्रतीतील नव्या नोंदी दुसरीस आपोआप मिळत नाहीत.

रचना : मुख्य निर्देशिकेत ‘.गिट’ ही उपनिर्देशिका असते. जोडनिर्देशिकेत मात्र त्याच नावाची लहानशी फाइल असून ती मुख्य भांडारातील संबंधित नोंदीकडे निर्देश करते. इतिहास, शाखा व स्टॅश सर्वांना सामाईक असतात; चालू शाखेचा निर्देशक आणि पुढील नोंदीसाठी निवडलेल्या बदलांची सूची प्रत्येकीची स्वतंत्र असते. त्यामुळे एकीत केलेली नोंद इतरांत तत्काळ उपलब्ध होते. एकच शाखा दोन ठिकाणी उघडण्यास गिट सहसा नकार देते. कारण एकीकडे शाखा पुढे सरकल्यास दुसरीकडील फाइली तिच्याशी विसंगत ठरतात.

व्यवस्थापन : ‘ॲड’ने निर्देशिका निर्माण होते, ‘लिस्ट’ने यादी मिळते व ‘रिमूव्ह’ने ती काढून टाकता येते. नोंद न केलेले बदल वा नव्या फाइली शिल्लक असल्यास ‘रिमूव्ह’ सक्ती केल्याविना चालत नाही. मात्र दुर्लक्षणीय म्हणून घोषित केलेल्या फाइली ती विनासूचना पुसते. निर्देशिका परस्पर पुसल्यास शाखेवर नोंदविलेले काम सामाईक भांडारात सुरक्षित राहते, नोंद न केलेले नष्ट होते. अशा वेळी मागे उरलेली निरुपयोगी नोंद ‘प्रून’ने काढतात. सुट्या तबकडीवरील निर्देशिका ती जोडलेली नसताना नाहीशी झाली असे समजले जाऊ नये, म्हणून तिला ‘लॉक’ करतात.

दुर्लक्षित फाइली नव्या निर्देशिकेत येत नसल्याने स्थानिक मांडणी व साहाय्यक संच तेथे पुन्हा उभारावे लागतात.