उसाच्या वाहनाचा अपघात : जखमी सभासदाने काय करावे?



शेतकी खात्याच्या माणसाने लागण, खोडवा, पाचट यांवर लिहावे अशी आपली अपेक्षा असते, आणि ती रास्तच आहे. पण गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या रस्त्यांवर उसाचे ट्रक आणि दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रात्रंदिवस धावू लागतात, आणि दर हंगामात कुठल्या ना कुठल्या गटातून अपघाताची बातमी येते. म्हणून यावेळी विषय थोडा वेगळा घेतला आहे.

तीन हंगामांमागची गोष्ट. एक सभासद रात्रीच्या लाइटवर उसाला पाणी द्यायला मोटारसायकलवरून निघाला होता. वळणावर टायर फुटलेली भरलेली ट्रॉली उभी. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, बाजूला दगड-फांदीसुद्धा नाही. गडी जाऊन आदळला, मांडीचे हाड मोडले. ट्रॉलीवाला शेजारच्याच गावचा, तोही ऊस उत्पादक. "पोलिसात कशाला जाता, आपलीच माणसं आहेत, दवाखान्याचं बघू," असे ठरले. चाळीस हजार रुपये देऊन 'काही तक्रार नाही' असा कागद लिहून घेतला. त्या बैठकीला मीही होतो, आणि मिटवामिटवी चांगली झाली असे मलाही वाटले होते. पुढे दोन ऑपरेशने झाली, पाय आखूड राहिला, खर्च काही लाखांवर गेला. आठ महिन्यांनी तो वकिलाकडे गेला तेव्हा फिर्याद नाही, पंचनामा नाही, ट्रॉलीच्या नंबरची नोंद नाही, आणि वर तो सहीचा कागद आडवा. आज तो दारे धरायला मजूर लावतो. हे माझ्या मनाला लागलेले आहे. तेव्हापासून जी माहिती गोळा केली ती पुढे देत आहे.

पहिले दोन दिवस

आधी जीव, मग कायदा. ११२ नंबर फिरवावा. केंद्र सरकारच्या २०२५ च्या योजनेप्रमाणे रस्ते अपघातातील जखमीला नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत व दीड लाख रुपयांपर्यंत रोख पैसे न भरता उपचार मिळू शकतात. दवाखान्यात गेल्या गेल्या त्याची चौकशी करावी. दवाखान्यात 'पडून लागले' असे सांगू नये. कोणत्या वाहनाने अपघात झाला हे केसपेपरवर आलेच पाहिजे.

पोलिसात फिर्याद द्यावी. जखमीला जाता येत नसेल तर घरच्यांनी द्यावी. जागेचा पंचनामा, ट्रॅक्टरचा व प्रत्येक ट्रॉलीचा नंबर, साक्षीदारांची नावे नोंदवून घ्यावीत. वाहन हलवण्यापूर्वी फोटो काढावेत. २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल अपघात दावा न्यायाधिकरणाकडे व विमा कंपनीकडे द्यायचा असतो. त्यांच्या प्रती मागून घ्याव्यात.

दावा कुठे आणि किती दिवसांत?

भरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो. अपघात जिथे झाला तिथे, किंवा आपण राहतो त्या भागाच्या न्यायाधिकरणाकडे तो करता येतो. म्हणजे परजिल्ह्यात अपघात झाला तरी हेलपाटे घालण्याची गरज नाही.

'सरकारी काम आणि सहा महिने थांब' ही म्हण आपल्या अंगवळणी पडली आहे. इथे मात्र उलट आहे. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या तरतुदीप्रमाणे दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करायचा आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, त्यामुळे मुदत टळलेल्यांनीही वकिलाला विचारल्याशिवाय आशा सोडू नये. पण ज्याच्या हातात दिवस आहेत त्याने ते घालवू नयेत.

रक्कम कशी ठरते?

चूक कोणाची हे सिद्ध न करताही मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली मृत्यूबद्दल ५ लाख व गंभीर दुखापतीबद्दल २ लाख ५० हजार रुपये मागता येतात. समोरच्याची चूक दाखवता आली तर कलम १६६ खाली प्रत्यक्ष नुकसानीप्रमाणे भरपाई मिळते, आणि ती पुष्कळदा जास्त होते. मात्र दोन्ही वाटांनी पैसे मिळत नाहीत.

एक उदाहरण घेऊ. सभासदाचे वय ४२, महिन्याची कमाई १५ हजार, आणि दुखापतीमुळे कामाची ताकद ३० टक्के कमी झाली असे न्यायाधिकरणाने धरले. वर्षाची कमाई १,८०,०००. स्वतःचा धंदा असलेल्या चाळीस ते पन्नास वयाच्या माणसाला पुढील वाढीचे २५ टक्के धरतात, झाले २,२५,०००. त्याचे ३० टक्के म्हणजे ६७,५००. या वयाला गुणक १४. गुणाकार ९,४५,००० रुपये. शिवाय दवाखान्याचा खर्च, बुडालेले दिवस, वेदना, पुढील उपचार हे वेगळे. आता त्या चाळीस हजारांशी ताडून पहा!

पण कमाई दाखवावी लागते. सातबारा, कारखान्याची ऊस बिले, दूध संघाच्या पावत्या, बँक पासबुक, औषधांची बिले, अपंगत्वाचा दाखला हे सगळे एका पिशवीत जपून ठेवा. ऊस बिलाचा दाखला लागल्यास आपल्या गट ऑफिसात अर्ज करावा.

ठोकर देऊन वाहन पळून गेले आणि सापडलेच नाही, तरी मृत्यूबद्दल २ लाख व गंभीर दुखापतीबद्दल ५० हजार रुपये मिळण्याची सोय आहे. त्याचा अर्ज प्रांत किंवा तहसीलदार कचेरीत विचारावा. याखेरीज गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेखाली मृत्यू झाल्यास २ लाख, एक हात, पाय किंवा डोळा कायमचा गेल्यास १ लाख रुपये मिळतात. हा अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लगेच करावा.

वकील आणि दलाल

दवाखान्यात येऊन "निम्मे निम्मे" बोलणारा दलाल दारात उभा करू नका. निकालाच्या रकमेत हिस्सा ठरवणे वकिलांच्या नियमांतच बसत नाही. कोऱ्या कागदावर सही नको. महिला, मुले, अपंग, अनुसूचित जाती-जमाती आणि ठराविक उत्पन्नाच्या आतील व्यक्ती यांना तालुका विधी सेवा समिती व जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. त्यांचा फोन १५१००. लोकअदालतीत लवकर निकाल लागतो हे खरे, पण तिथल्या तडजोडीवर अपील नाही. म्हणून दुखापत कितपत कायमची आहे हे डॉक्टरांकडून कळल्याशिवाय आकडा मान्य करू नये.

आता दुसरी बाजू

आपल्यातले अनेक सभासद स्वतः ट्रॅक्टरमालक आहेत. आज जखमीच्या जागी असलेला उद्या सामनेवाल्याच्या जागी असू शकतो. ट्रॅक्टरचा विमा आहे पण ट्रॉलीचा नाही, पॉलिसी शेतीकामापुरती आणि गाडी भाड्याने ऊस ओढते, चालकाचे लायसन संपलेले, अशा वेळी विमा कंपनी हात वर करू पाहते. ट्रॅक्टरवर जागा एकट्या चालकाची; मडगार्डवर बसलेला मजूर विम्यात येत नाही. कंपनी सुटली तर रक्कम मालकाच्या अंगावर पडते आणि ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. एका बिनदिव्याच्या ट्रॉलीपायी बापजाद्यांची जमीन अडचणीत यावी का?

तेव्हा फडात गाडी लावण्याआधी ट्रॅक्टरचा व प्रत्येक ट्रॉलीचा विमा, चालकाचे लायसन, मागचे दिवे आणि रिफ्लेक्टर तपासून घ्या. गाडी बंद पडली तर ती शक्य तितकी कडेला घ्या, मागे लांबवर खूण ठेवा आणि एक माणूस बॅटरी घेऊन उभा करा.

आणि अपघात झालाच तर भाऊबंदकी टिकवण्यासाठी फिर्याद टाळू नका. विमा असेल तर भरपाई कंपनी देते, शेजाऱ्याच्या खिशातून जात नाही. फिर्याद दिली म्हणून वैर होत नाही. उलट न दिल्याने पुढे जे होते, ते मी पाहिले आहे.

आपला,
ऊस विकास अधिकारी