मोटारीवांचून दोन दिवस : शहापूर आणि मुरबाड

प्रवासाचा बेत हा आमच्या घरांत फार जुना विषय आहे. परंतु तो बहुधा बेताच्याच अवस्थेंत राहतो. घरांत लहानमोठीं मिळून अकरा माणसें. त्या सर्वांस एकत्र कोठें न्यावयाचें म्हटलें, कीं पहिला प्रश्न निघतो तो मोटारीचा. "स्वतःची मोटार आली म्हणजे जाऊं," हें वाक्य आमच्या घरीं गेलीं वीस वर्षें ऐकूं येत आहे. कै. तीर्थरूपांस माहुलीचा किल्ला निदान पायथ्याहून तरी पाहावयाचा होता. ते ह्या वाक्यावर विसंबून थांबले, आणि किल्ला पाहावयाचा राहून गेला. पुढें मातोश्रींनीं वयाच्या शहात्तराव्या वर्षीं एके दिवशीं जेवतां जेवतां सहज म्हटलें, "मुरबाडाकडचें माझें माहेर एकदां पाहावें असें वाटतें. पण तुमची मोटार यावयाची आहे ना!" त्यानंतर त्या पंक्तींत कोणीं मागचा भात घेतला नाहीं.

योगायोग असा, कीं त्याच आठवड्यांत शिक्षणानिमित्त जर्मनींत असलेल्या आमच्या पुतण्याचें पत्र आलें. त्या देशांत मे २०२३ पासून सर्वत्रच्या स्थानिक आगगाड्या, ट्रामगाड्या व बसगाड्या ह्यांस चालणारें महिन्याचें एकच तिकीट निघालें आहे. त्या तिकिटावर तो शनिवार-रविवार न्यूरेंबर्गसारखें एखादें जुनें शहर पाहून येतो. त्याची रीत त्यानें थोडक्यांत लिहिली होती : आधीं परतीची गाडी ठरवावी, मग मुक्कामाची जागा स्थानकाजवळ पाहावी, आणि पायीं किंवा एका गाडीनें जेथवर जातां येईल तेवढेंच पाहावें, उरलेलें पुढच्या खेपेस. जगाला मोटारी विकणाऱ्या देशांतील तरुण मोटारीवांचून हिंडतात, आणि आम्ही मात्र मोटारीसाठीं अडून बसतों, ह्या विचारानें आम्हांस थोडी लाज वाटली. आम्हीं तीच रीत आपल्या मुलखास लावून पाहण्याचें ठरविलें.

ठाणें जिल्ह्यांतील शहापूर व मुरबाड हे दोन तालुके एकमेकांस लागून आहेत. पण प्रवाशाच्या दृष्टीनें त्यांच्यांत एक मोठा भेद आहे. शहापुरास रेल्वे आहे. सन १८५३ मध्यें मुंबईहून ठाण्यास पोंचलेली आगगाडी १८५४ मध्यें कल्याणास आली, आणि पुढें आठ वर्षांच्या आंत कसाऱ्याच्या घाटाखालीं जाऊन थांबली. त्याच मार्गावर आसनगांव हें शहापूरचें स्थानक आहे. गांव तेथून तीन-चार किलोमीटरांवर असून स्थानकाबाहेर वांटणीच्या रिक्षा मिळतात. मुरबाडास मात्र अद्याप रेल्वे नाहीं. तेथें सारी भिस्त कल्याणाहून सुटणाऱ्या एस्. टी. वर. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजीं पुण्याहून अहमदनगरास गेली, हें पुष्कळांस ठाऊक असेल. त्याच नगरास (हल्लींच्या अहिल्यानगरास) कल्याणाहून जाणारा रस्ता मुरबाड, टोकावडें, वैशाखरें ह्या गांवांवरून माळशेज घाट चढतो.

खर्चाचा अंदाज काढतांना एक सुखद गोष्ट आढळली. एस्. टी. मध्यें २०२२ पासून पंचाहत्तर वर्षांवरील वृद्धांस तिकीट पडत नाहीं, आणि २०२३ पासून स्त्रियांस अर्धेंच भाडें पडतें. त्यामुळें मातोश्रींचा प्रवास फुकट व वहिनी, सौ. आणि मुली ह्यांचा अर्ध्या दरांत झाला. वृद्धांनीं वयाचा दाखला म्हणून आधार कार्ड जवळ ठेवावें, एवढेंच पथ्य.

ऋतु आम्हीं मार्गशीर्षाचा निवडला. पावसाळ्यांत हा मुलूख डोळ्यांचें पारणें फेडतो हें खरें. परंतु त्या दिवसांत वाटा निसरड्या असतात, माळशेजाकडे गर्दी लोटते आणि गाड्या वेळेवर येतीलच असा भरंवसा धरतां येत नाहीं. पौष पौर्णिमेस म्हसें येथें मोठी यात्रा व बैलांचा बाजार भरतो. तो पाहावयाचा असेल तर अवश्य जावें. पण ज्यांना गाडींत बसावयास जागा हवी, त्यांनीं तो दिवस टाळावा.

पहिल्या दिवशीं सकाळीं दादरहून कसाऱ्याची लोकल धरली. सुमारें दोन तासांत आसनगांव आलें. तेथून रिक्षांनीं माहुली गांवीं गेलों. निजामशाहीच्या अखेरच्या दिवसांत, सन १६३६ मध्यें, शहाजीराजांनीं शेवटचा आश्रय घेतला तो ह्याच गडाचा. पुढें शिवरायांनीं तो जिंकला, पुरंदरच्या तहांत तो द्यावा लागला, आणि १६७० मध्यें तो पुन्हां स्वराज्यांत आला. गडाची चढण तीन तासांची व शेवटीं लोखंडी शिडीची आहे. म्हणून मुलांबाळांसह आम्ही पायथ्याच्या शंकराच्या देवळाशींच थांबलों. तेथून वर पाहिलें असतां कड्यांचे सुळके आभाळांत घुसल्यासारखे दिसतात. मातोश्री बराच वेळ तिकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "एवढेंच पाहावयाचें होतें रे त्यांना." आमच्याजवळ उत्तर नव्हतें. संध्याकाळीं शहापूरच्या टेकडीवरील मानस मंदिर हें जैन देवालय पाहिलें, आणि आधीं ठरविलेल्या जागीं मुक्काम केला.

दुसऱ्या दिवशीं सकाळच्या गाडीनें मुरबाड गांठलें. येथें आम्हीं दोन तुकड्या केल्या. तरुण मंडळी वैशाखऱ्यापुढें उतरून नाणेघाट चढून गेली. जुन्नर-पैठणचा माल ज्या वाटेनें कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांस उतरत असे, ती ही वाट. घाटमाथ्यावरील लेण्यांत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपींतील शिलालेख आहे. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींच्या त्या लेखांत अश्वमेधादि यज्ञांचीं नांवें व त्यांत दिलेल्या गाई, घोडे, नाणीं ह्यांचे आंकडे कोरलेले आहेत. वैदिक यज्ञांची दक्षिणा अशी दगडावर मोजून ठेवलेली पाहून आमच्या संस्कृत शिकणाऱ्या मुलीस मोठा आनंद झाला. लेण्याजवळच एक दगडी रांजण आहे. त्यांत जकात गोळा होत असे असें सांगतात.

मातोश्रींस घेऊन आम्ही दोघे बंधु त्यांच्या माहेरच्या गांवीं गेलों. घर पडून गेलेलें. जोत्याचे दगडहि कोणीं नेलेले. राहिली होती ती फक्त विहीर. मातोश्री तिच्या कठड्याशीं उभ्या राहिल्या. दहाव्या वर्षीं ह्याच विहिरीचें पाणी त्यांनीं डोईवर वाहिलें होतें. पाणी भरावयास आलेली एक बाई त्यांस म्हणाली, "आजी, आता हाय पाणी. चैतात तळ दिसतो. मग टँकर येतो, तो हिच्यातच वततात, आन् आम्ही परत उपसतो."

उन्हें चढलीं होतीं. आम्हीं घरून आणलेली पाण्याची बाटली मातोश्रींच्या हातीं दिली. त्यांनीं विचारलें, "आपल्या नळाला पाणी कुठून येतें?" आम्हीं सांगितलें, कीं मुंबईच्या पाण्याचा मोठा भाग शेजारच्याच शहापूर तालुक्यांतून जातो, तानसा तलाव तर १८९२ पासून आहे, आणि भातसा धरण त्यानंतरचें. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे इथलेंच पाणी नेलें, आणि इथेंच बाटलींत भरून आणलें!" मोटारींतून आलों असतों तर विहिरीशीं एवढा वेळ थांबलों असतों कीं नाहीं, कोण जाणे, पुढची गाडी यावयास तासभर होता म्हणून थांबलों.

परततांना मात्र एक चूक झाली, व ती सर्वस्वी आमची. नाणेघाटाची मंडळी रांजणापाशीं रमली आणि अर्धा तास उशिरां उतरली. ठरलेली एस्. टी. गेली, आणि फाट्यावर सव्वा तास बसावें लागलें. म्हणून वाचकांस आमचें आग्रहाचें सांगणें, कीं शेवटच्या गाडीवर बेत कधींहि बांधूं नये. तिच्या आधींची गाडी आपली समजावी. खेड्यांतील गाड्यांच्या वेळा आगारांत आदल्या दिवशीं विचाराव्या व कंडक्टरास पुन्हां विचाराव्या. आणि दोन दिवसांत दोनच ठिकाणें ठेवावीं.

रात्रीं दहाला घरीं पोंचलों. मातोश्री थकल्या होत्या, पण पाय चेपूं देईनात. दुसऱ्या दिवशीं सकाळीं न्हाणीघरांत कोणी तोंड धूत असतां नळ वाहता राहिला होता. त्यांनीं स्वतः उठून तो बंद केला, व कोणास कांहीं बोलल्या नाहींत. मोटारीचा विषय अजून आमच्या घरांत निघतो. परंतु "आली म्हणजे जाऊं" असें आतां कोणी म्हणत नाहीं. ज्यांच्या घरीं कोणी वडील माणूस अशा वाक्यावर थांबून असेल, त्यांनीं गाड्यांचें वेळापत्रक आजच काढून पाहावें.