विसरभोळ्या मुलाची घडी बसवताना

रिक्षा दारात उभी आहे आणि चिरंजीवांच्या एका पायात मोजा आहे, दुसरा मोजा बेपत्ता! काल रात्री बसून पुरा केलेला गृहपाठ टेबलावरच राहिलाय. डबा भरलेला, पण तो ओट्यावर. मैत्रिणींनो, अशी सकाळ ज्यांच्या घरी रोज उजाडते त्यांच्यासाठी हे चार शब्द.

अधूनमधून विसरणारं मूल घरोघरी असतंच. मी बोलते आहे ते रोज विसरणाऱ्या, हाक मारली तरी भलतीकडेच लक्ष असणाऱ्या मुलाबद्दल. गंमत म्हणजे ते बहुधा चांगलं हुशार असतं. क्रिकेटचे सगळे आकडे त्याला तोंडपाठ! मग आपण पटकन म्हणतो, "हे बरं लक्षात राहतं? मनात आणलं तर सगळं जमेल."

इथेच आपला घोटाळा होतो. माहिती साठवून ठेवणं हे एक काम, आणि नेमक्या वेळी नेमकी गोष्ट आठवणं हे दुसरं. "दात घास, कपडे घाल, डबा दप्तरात टाक आणि जाता जाता आजीला चष्मा दे," ही चार कामं आपण एका दमात सांगतो. तिसरं ऐकेपर्यंत त्याच्या डोक्यातलं पहिलं पुसलेलं असतं. त्यात खिडकीत चिमणी आली की उरलेलंही गेलं!

काही मुलांत हे फार ठळक असतं. त्याला डॉक्टर 'एडीएचडी', म्हणजे लक्ष टिकवण्यातली अडचण म्हणतात. अमेरिकेतील डॉ. फिलिप शॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली अशा मुलांच्या मेंदूची छायाचित्रे तपासली. मेंदूच्या बाह्य थराच्या वाढीचा जो टप्पा इतर मुले साधारण साडेसाताव्या वर्षी गाठतात, तो या मुलांनी साडेदहाव्या वर्षाच्या सुमाराला गाठला होता. वाढीचा क्रम तोच होता, फक्त उशीर होता. तेव्हा "एवढा घोडा झालास तरी" हे वाक्य गिळलेलंच बरं.

मग करायचं काय? जे डोक्यात राहत नाही ते डोळ्यांपुढे ठेवायचं, आणि तेही काम जिथे होतं तिथेच.

वस्तूला जागा : दाराजवळ त्याच्या उंचीवर एक खुंटी ठोका. दप्तर, पाण्याची बाटली, ओळखपत्र तिथेच. खाली बुटांची जागा, मोजे बुटातच. खोलीभर शोधाशोध नको.

यादी : जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर सकाळची चार-पाच कामं त्यालाच लिहू द्या. वाचता येत नसेल तर चित्रं काढू द्या. दात घासण्याची आठवण आरशापाशी, दप्तराची दाराशी. काही दिवसांनी यादी भिंतीचाच भाग होते आणि दिसेनाशी होते. मग कागद, रंग, जागा बदला.

जोडकाम : "सकाळी लक्षात ठेव" यापेक्षा "दूध संपलं की डबा दप्तरात" हे जास्त पक्कं बसतं. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ साली अशा 'हे झालं की ते' पद्धतीच्या ठरवण्यावर लिहिलं आहे. आपल्याकडे जेवण झालं की ताट उचलायचं हे मुलं अशीच शिकतात.

रात्रीची तयारी : वेळापत्रक बघून दप्तर भरणं, गणवेश काढून ठेवणं हे झोपायच्या आधी. झोपही पुरी हवी. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास लागते. अर्धवट झोपेतल्या मुलाला कोणतीच यादी तारत नाही.

बोलणं : स्वयंपाकघरातून ओरडू नका. जवळ जा, नावाने हाक मारा, त्याने बघितल्यावर एकच काम सांगा. पुढे पुढे तेही न सांगता विचारा, "आता यादीत काय आहे?" काम झालं की लगेच म्हणा, "आज न सांगता डबा घेतलास!"

एका वेळी एकच सवय घ्या. आणि घरातल्या सगळ्यांचं एकमत हवं. आई यादीकडे बोट दाखवते आणि आजी लाडाने डबा घेऊन धावते, असं झालं की येरे माझ्या मागल्या!

मी अर्धा दिवस पाचवीच्या वर्गाला शिकवते. शाळा सुटायच्या आधीची पाच मिनिटं आम्ही फक्त दप्तर भरायला ठेवतो. फळ्यावर यादी असते. तुमच्याही बाईंना एवढं सुचवून बघा. दंगा करणारा मुलगा शिक्षकांच्या नजरेत येतो. खिडकीबाहेर बघत गप्प बसलेली मुलगी मात्र "शांत आहे हो" म्हणून राहून जाते. तिच्याकडेही लक्ष असू द्या.

हे सगळं करूनही सहा महिन्यांहून जास्त काळ घरी आणि शाळेतही तोच गोंधळ चालू असेल, अभ्यास मागे पडत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. डोळे आणि कान आधी तपासून घ्या. बोलता बोलता मूल काही सेकंद टक लावून बसतं, हाकही ऐकू येत नाही, असं वरचेवर दिसलं तर मात्र अजिबात थांबू नका; तो एक प्रकारचा झटकाही असू शकतो.

एक डबा विसरला म्हणून मूल उपाशी मरत नाही. पण "वेंधळा", "धांदरट" ही नावं रोज कानावर पडली की मुलाला ती खरी वाटू लागतात. मग ते प्रयत्नच सोडतं, आणि ते नुकसान भरून काढायला फार वर्षं लागतात. चष्मा लागलेल्या मुलाला "नीट बघ" म्हणून आपण रागवत नाही, चष्मा करून देतो. ही खुंटी, ही यादी तशीच समजा. आज रात्री निदान खुंटी तरी ठोकून टाका!