मुदतीआधी बंद केलेला लिलाव

ऑनलाइन लिलावात सुरुवातीची रक्कम मुद्दाम कमी ठेवली, की बोली लावणारे लवकर जमतात, हे विक्रेत्यांना चांगले ठाऊक असते. पण लिलाव चालू असतानाच बाहेरचा एखादा ग्राहक रोख रक्कम देऊ करतो आणि हातची विक्री सोडवत नाही, तेव्हा लिलाव बंद करण्याचा मोह होतो. जर्मनीत ईबे या संकेतस्थळावर एका विक्रेत्याने जुनी फोक्सवॅगन पसाट १ युरोपासून लिलावात काढली आणि काही तासांतच लिलाव बंद करून, बाहेर ४,२०० युरो देणारा ग्राहक मिळाल्याचे बोली लावणाऱ्याला कळवले. त्या बोलीदाराने ५५५.५५ युरोंची कमाल मर्यादा नोंदवली होती. परंतु संगणकप्रणाली प्रतिस्पर्ध्याला मागे टाकण्यापुरतीच बोली वाढवत असल्याने आणि दुसरे कोणी पुढे न आल्याने त्याची प्रत्यक्ष बोली १ युरोवरच थांबलेली होती. गाडीची किंमत ५,२५० युरो धरून त्याने ५,२४९ युरोंची भरपाई मागितली आणि कार्ल्सरुहे येथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १२ नोव्हेंबर २०१४ रोजी त्याच्या बाजूने कौल दिला.

भारतीय वाचकाला हा निकाल चमत्कारिक वाटेल, कारण १९३० च्या माल विक्री कायद्यातील कलम ६४ नुसार हातोडा पडल्यावर किंवा अन्य रूढ पद्धतीने घोषणा झाल्यावरच विक्री पूर्ण होते आणि तोवर बोली मागे घेता येते. जर्मन न्यायालयांनी मात्र ईबेवरील लिलाव हा हातोड्याचा लिलाव मानलेला नाही : वस्तू मांडणे हाच बंधनकारक प्रस्ताव ठरतो आणि सर्वोच्च बोलीदार त्याचा स्वीकार करतो. वस्तू चोरीला जाण्यासारखे सबळ कारण असेल, तर लिलाव मागे घेता येतो, असे त्याच न्यायालयाने २०११ मध्ये एका कॅमेऱ्याच्या खटल्यात मान्य केले होते. अधिक भाव देणारा भेटणे हे मात्र तसे कारण नव्हे. किमान राखीव किंमत न ठेवता १ युरोपासून सुरुवात करण्याचा धोका विक्रेत्यानेच पत्करला होता आणि लिलाव अकारण तोडून तो त्यानेच ओढवून घेतला, हा न्यायालयाचा युक्तिवाद कठोर असला, तरी तर्काला धरून आहे.

या नियमावर एक व्यवसायही पोसला गेला, हे मात्र खटकते. अनेक लिलावांत किरकोळ बोली लावून ठेवायची आणि एखादा विक्रेता मध्येच माघार घेताच भरपाईचा दावा ठोकायचा, असे करणाऱ्यांना जर्मनीत ‘लिलाव तुटण्यावर टपलेले शिकारी’ म्हटले जाते. तथापि केवळ या शिक्क्यावरून दावा फेटाळता येत नाही, प्रत्येक प्रकरणातील परिस्थिती स्वतंत्रपणे तपासावी लागते, असे न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले.