स्लॅब रंगवा, टेबलावर स्टूल न रचता

दिवाळी जवळ आली की टेबलावर स्टूल, स्टुलावर बाई असा मनोरा घरोघरी उभा राहतो. पडली तर मनगट नाहीतर कंबर जाते. त्यापेक्षा रोलरला लांब दांडा लावा. बऱ्याच रोलरची मूठ पोकळ असते, तीत तो बसतो. लांब-आखूड होणारा दांडा हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. गटात एक घेतला तरी सगळ्यांची घरं निघतात.

काम दिवसाउजेडी, मेन स्विच बंद करून. पोपडे खरवडा, धूळ झाडा. ओल असेल तर रंग थांबवा. गळती बुजवल्याशिवाय पोपडे पुन्हा येणारच. कडेच्या चार बोटांना ब्रश आणि शिडी लागतेच, ती खाली दुसरीनं धरावी.

रोलर निथळून घ्या. त्याच्या बरोबर खाली उभं राहू नका, तो थोडा पुढं धरा. मान भरत नाही, थेंबही तोंडावर येत नाहीत. खिडकीकडून सुरुवात करा, पहिला पट्टा ओला असतानाच दुसरा ओढा. जाड एका हातापेक्षा पातळ दोन हात बरे.

चुना द्यायचा तर कुंचलाच बरा, पण डोळ्यांवर चष्मा हवाच. चुन्यानं डोळा भाजतो. गेलाच तर चोळू नका, लगेच भरपूर स्वच्छ पाण्यानं धूत राहा आणि तडक दवाखाना गाठा.