दवाखाना गाठेपर्यंतचे तास

हसनाबादेत रात्री पोराला ताप चढला, तर कुणाची तरी गाडी काढून भोकरदन नाहीतर जालना गाठता येतं. गडचिरोलीत, भामरागडच्या आसपासच्या गावांना ऐन पावसाळ्यात एवढंही नशिबात नसतं. पर्लकोटेला पूर आला की वाट बंद, आणि हिवतापाचा जोरही नेमका त्याच दिवसांत!

हिवतापाचा फाल्सिपेरम जातीचा परजीवी रक्तातल्या तांबड्या पेशीत शिरतो, सुमारे 48 तासांत वाढतो, पेशी फोडून नव्या पेशी धरतो. ग्रासलेल्या पेशी मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांना आतून चिकटतात. मग झटके येतात, शुद्ध हरपते. आशाताई बोटातल्या रक्ताच्या थेंबावर तपासणी करते, पंधरा-वीस मिनिटांत पट्टीवर रेघ उमटते. तिच्या पिशवीत गोळ्याही असतात. पण दातखीळ बसलेलं लेकरू गोळी गिळणार कसं?

यावर सापडलेला उपाय थक्क करणारा आहे. आर्टेसुनेट या हिवतापावरच्या औषधाची मऊ कॅप्सूल शौचाच्या जागेतून आत सरकवायची आणि ती बाहेर पडू नये म्हणून दोन्ही कुल्ले थोडा वेळ दाबून धरायचे. बस्स. आतल्या अस्तरातून औषध रक्तात उतरतं. ना सुई, ना सलाईन. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी हा उपाय आहे. बांगलादेश, घाना आणि टांझानियात त्याची चाचणी झाली. 2009 साली आलेले तिचे निष्कर्ष सांगतात की, सहा तास उलटूनही दवाखान्यात पोचू न शकलेल्यांत मृत्यू आणि कायमचं अपंगत्व यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. 2018 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या दर्जाच्या कसोटीला उतरलेली अशी पहिली कॅप्सूल आपल्या मुंबईच्या सिप्लाची! झांबियाच्या सेरेंजे जिल्ह्यात गावच्या स्वयंसेवकांनी ती मुलांना दिली आणि सायकल-रुग्णवाहिकांतून त्यांना पुढे नेलं. तिथे गंभीर हिवतापातला मृत्युदर 8 टक्क्यांवरून 0.25 टक्क्यावर आला.

काँगो, नायजेरिया आणि युगांडात मात्र हीच कॅप्सूल मोठ्या प्रमाणावर वाटूनही मृत्यू घटले नाहीत. कितीतरी मुलं पुढे दवाखान्यात पोचलीच नाहीत, पोचली त्यांतल्या अनेकांना पूर्ण उपचार मिळाले नाहीत. 2022 मध्ये संघटनेने या उपायाचा विस्तार थांबवायला सांगितलं, 2023 मध्ये नव्या सूचना दिल्या. नुसत्या कॅप्सूलने भागत नाही, कारण आर्टेसुनेट झपाट्याने काम करतं आणि तितक्याच झपाट्याने रक्तातून निघूनही जातं. उरलेले परजीवी पुन्हा वाढू लागतात. म्हणून कॅप्सूलनंतर दवाखान्यात इंजेक्शन हवंच, आणि मूल गिळू लागलं की तीन दिवसांच्या गोळ्याही.